लवळ्याचा चढ आणि राणीचा रुसवा

पौडला पिठाच्या गिरणीवर सुनीती ढमाले यांची खासगी तपासाची कचेरी आहे. खाली गिरणी सुरू झाली की वर अख्खी कचेरी थरथरते, आणि त्या थरथरीनंच आजवर कितीतरी लबाडांनी आपण होऊन कबुली दिली, असं भैरू सांगतो. भैरू म्हणजे बाईंचा मदतनीस, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याचं सगळंच खरं धरायचं नसतं. माझं धरायला हरकत नाही.

त्या दिवशी जिन्यावरून आधी डिझेलचा वास आला आणि मागून गौतमी आली.

"ताई, आमच्या राणीवर कुणीतरी डाव साधलाय."

भैरू ताडकन उठला. "अरारा! राणी कोन तुमची? भन?"

"पिकअप."

भैरू खाली बसला.

"पोलिसांकडं गेला होता?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"गेले होते. म्हणाले, मयत कोण?"

राणी म्हणजे नांद्याच्या हैबतरावांची डिझेलवरची पिकअप. इतकी जुनी, की तिच्या हॉर्नला बुजणाऱ्या बैलांची नातवंडंही आता हयात नाहीत. हैबतरावांची सून गौतमी ती चालवते. भाजी आणि भाकऱ्या भरायच्या नि लवळ्याच्या डोंगरावर कॉलेजच्या कँटीनला पोचवायच्या, हा तिचा धंदा. राणीची टाकी बुडाला गंजून ठिबकायला लागली, तेव्हा गौतमीनं नवी टाकी आणून घरच्या अंगणातच बदलली.

"स्वतः?" बाईंनी विचारलं.

"स्वतः. डिझेल कॅनमध्ये काढलं, जॅक लावला, पट्टे सोडून जुनी उतरवली. नवी लगेच चढवणार, तर डिझेलचा काटा दाखवणारा फ्लोट असतो ना, त्याचा रबरी वायसर फाटला. नवा वायसर सकाळी मिळाला. मग फ्लोट बसवला, टाकी उचलली, पट्टे आवळले. उचलताना आत जरा खुळखुळलं, म्हटलं फ्लोटच असेल."

"म्हणजे रात्रभर टाकी उघडी?"

"ओट्यावर होती. फ्लोटच्या भोकावर पाटी झाकली होती."

"भोक केवढं?"

गौतमीनं मूठ वळून दाखवली. "एवढं."

"आणि आता राणी काय करते?"

"सपाटीला वारं पिऊन पळते. महाळुंग्याला जाऊन आली, शिंकलीसुद्धा नाही. लवळ्याच्या चढाला लागली की मरते. मागं घरंगळत सपाटीला आणली की थोड्या वेळानं परत सुरू."

"चढावर कायतरी हाय," भैरू दबक्या आवाजात म्हणाला. "लागिर."

"लागिर असतं तर तुमची एसटी आधी धरली असती," बाई म्हणाल्या.

गौतमी हसली नाही. "मामांनी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. उद्या सकाळी राणी चढली नाही, तर दुपारी तो घेऊन जाणार. मग मी परत चुलीपाशी."

बाईंनी चपला पायात सरकवल्या.

नांद्याच्या अंगणात हैबतराव बाजेवर बसले होते, मिशीला पीळ देत.

"तपास कसला करताय? बाईमानसानं टाकी बदलली, दुसरं काय हुनार? आत चिंधी ऱ्हायली आसंल."

"मामा, चिंधी न् चिंधी बाहेर काढलीय मी," गौतमी म्हणाली.

"तुम्हाला गाडी एवढी का नकोशी झालीय?" बाईंनी विचारलं.

"गाव हसतंय! म्हनं हैबतरावाची सून गाडीखाली लोळती. उद्या ही चढली, तर म्या हौद्यात बसून लवळ्यापातूर ताशा वाजवीन. लिहून घ्या!"

"लिहायचं कशाला? भैरू ऐकतोय," बाई म्हणाल्या. भैरूनं लगेच कान टवकारले.

मागच्या खोलीत अमोघ नावाचा भाडेकरू राहायचा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा. तो आधीच घामाघूम झाला होता.

"मॅडम, ॲक्च्युअली, माझी कार त्या पिकअपच्या मागे अडकली होती. मी चिडलो होतो, हे खरंय. पण टाकीचं मला काहीच माहीत नाही. मला वाटायचं, ती पुढेच असते, इंजिनाच्या शेजारी."

भैरूनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू तो विनातिकीट सापडला होता.

नाक्यावर कोंडिबाचं गॅरेज. कोंडिबा स्पष्ट बोलला.

"व्हय, आला मला राग. आजवर राणीचा नटबोल्ट माझ्याशिवाय कुनी सोडला न्हवता. पर मानसाचा राग गाडीवर काढीत न्हाई म्या. फिल्टर बघितला, पंप बघितला. डिझेल काचंच्या बाटलीत धरून बघितलं, निव्वळ गंगाजळ."

"टाकी उघडून पाहिली?"

"नवीकोरी टाकी कशापायी उघडू?"

परत अंगणात येऊन बाई बॅटरी घेऊन राणीखाली शिरल्या. हैबतरावांनी तोंड फिरवलं. आता दोन-दोन बायका गाडीखाली.

"टाकीला तांबडा डाग आहे," आतून आवाज आला.

"गंज," भैरू म्हणाला.

"नव्या टाकीला?"

भैरूनं आपला डबा काढला आणि तो जेवायला ओट्यावर बसला. तिथं कोनाड्यात हळदकुंकू लावलेला एक अख्खा नारळ होता आणि पायाशी दोन कोंबड्या फरशीच्या फटीत चोची मारत होत्या.

"हाड्! ताई, ह्यांच्या घरच्या कोंबड्या फरशी खात्यात बगा!"

बाईंनी कोंबड्यांकडं पाहिलं, मग नारळाकडं. "रंभाबाई, हा नारळ कुठला?"

हैबतरावांच्या मालकीण रंभाबाई दारात उभ्या होत्या. एवढ्या गोंधळात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची त्यांना सवय नव्हती.

"घरचाच हाय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि भैरूचा रिकामा डबा उचलून आत गेल्या. घासून आणून त्यांनी तो परत दिला, तेव्हा तो जड लागला. भैरूनं झाकण काढलं. आत मूठभर तांदूळ.

"आवो, हे कशाला?"

"रिकामं भांडं दारातनं जाऊ देत न्हाई मी."

सुनीतीबाई मटकन ओट्यावर बसल्या आणि हसायलाच लागल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "गौतमी, जॅक काढ. भैरू, कोंडिबाला आणि त्या अमोघला बोलाव. गुन्हेगार सापडला. गुन्हा मात्र सापडत नाही."

सगळे जमले. गौतमी राणीखाली शिरली आणि बाई बोलू लागल्या.

"डिझेल चांगलं, पंप चांगला. मग राणी फक्त चढावरच का मरते? चढावर टाकीतलं सगळं मागं सरकतं. डिझेल ओढणाऱ्या नळीचं तोंड मागंच आहे. म्हणजे आत असं काहीतरी आहे, जे चढावर जाऊन नळीचं तोंड दाबतं आणि सपाटीला सोडून देतं. चढवताना खुळखुळलं, तेही तेच."

"चिंधी! म्या काय म्हनत हुतो?" हैबतराव गरजले.

"चिंधी खुळखुळते होय, हैबतराव? ज्यानं ते टाकलं, त्याला रात्रभर उघडी टाकी हाताशी होती. अमोघला टाकी कुठं असते तेच माहीत नाही. कोंडिबानं काही टाकलं असतं, तर गावादेखत टाकी उघडून आधी त्यानंच दाखवलं असतं."

"आसं बोला!" कोंडिबा खूश झाला.

"आणि तुम्ही, हैबतराव, टाकीला कुंकू लावाल का?"

"कुंकू?"

"तो तांबडा डाग. वाईट करणारा कुंकू लावून करत नाही. ओट्यावर टाकी होती, तिथंच कोंबड्या दाणे टिपतायत. म्हणजे तिथं धान्य सांडलं. आणि कोनाड्यात नारळ एकटा. हळदकुंकवाच्या नारळासोबत काय काय असतं?"

"खण, तांदूळ, सुपारी..." भैरूनं बोटांवर मोजलं आणि त्यानं आ वासला. "ओटी!"

"नारळ तेवढा मुठीएवढ्या भोकातून गेला नाही. बाकी सगळं गेलं. ज्या घरातून भैरूचा डबासुद्धा रिकामा जात नाही, त्या घरातून राणी रिकाम्या पोटी कशी जाईल?"

एव्हाना डिझेल कॅनमध्ये काढून टाकी खाली आली होती. गौतमीनं फ्लोट काढला, तारेचा आकडा आत घातला आणि ओढला. डिझेलनं निथळणारा हिरवा खण बाहेर आला. मग टाकी उलटी केली. तांदूळ, हळकुंड आणि सुपारी खळ्ळकन फरशीवर पडली.



"आगं, तू?" हैबतराव रंभाबाईंकडं वळले. "बोलली का न्हाईस?"

"मला कुनी इचारलं?" रंभाबाई म्हणाल्या. "भाडेकरूला इचारलं, कोंडिबाला इचारलं. आन ओटी काय गाजवून सांगायची आसती? माझी सून येकटी गाडीखाली राबत हुती, आन तुमी बाजंवरनं तोंड वाकडं करून बघत हुता. म्हटलं, घरातल्या कुनीतरी बरं चिंतावं. मला काय ठावं, हिला तांदूळ पचत न्हाईत!"

गौतमीनं डिझेलच्या हातांनीच सासूला मिठी मारली. "आत्या, लुगडं खराब झालं तुमचं."

"हू दे. टाकी चढव आधी."

या खेपेला टाकी चढवताना बॅटरी धरायला स्वतः कोंडिबा खाली वाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीच्या पाट्यांमध्ये राणीच्या हौद्यात हैबतराव बसले, गळ्यात ताशा. पुढं गौतमी, शेजारी मांडीवर नारळ घेतलेल्या रंभाबाई, आणि दाराला लोंबकळून भैरू सवयीनं "पुढं चला" ओरडत होता. बाई मागून आपल्या स्कूटरवर.

चढ लागला. राणी गुरगुरली. हैबतरावांनी ताशाच्या काड्या वरच धरून ठेवल्या. नेहमीचं वळण आलं, जिथं ती मान टाकायची.

राणी वळली आणि चढतच राहिली.

"वाजवा की मामा!" गौतमी ओरडली.

आणि हैबतराव वाजवायला लागले! आधी चुकत, मग तालावर, मग मिशा थरथरतील इतके जोरात. हॉस्टेलच्या खिडक्या उघडल्या, पोरं-पोरी मोबाईल घेऊन धावत आली, रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून साथ दिली. "माझी सून हाय! टाकी घरी बदलली तिनं!" म्हातारा ज्याला त्याला सांगत होता.

माथ्यावर, कँटीनच्या दारात, रंभाबाई खाली उतरल्या. त्यांनी गौतमीला समोर उभं केलं, ओढणी पसरायला लावली आणि नवा खण, तांदूळ, सुपारी आणि तोच नारळ तिच्या ओटीत घातला.

"ह्या बारीला बरुबर जागी," त्या म्हणाल्या.

भंगारवाला दुपारी आला. त्याला चहा पाजून हैबतरावांनी ताशा ऐकवला आणि रंभाबाईंनी मूठभर तांदूळ पिशवीत घालून वाटेला लावलं.

ताशा पौडपर्यंत ऐकू गेला, असं भैरू सांगतो. ते खोटं आहे. तो पौडच्याही पार पलीकडं, ताम्हिणीच्या घाटात ऐकू आला. मी तिथंच होतो.