सरूच्या नावाचा करा

खरं सांगतोय. पटत नसेल तर उठा आणि चालू लागा, राव. पण मी काच फोडणार नाही म्हणजे नाही.

सन १९०७. चैत्र सरत आलेला. गाव बोरी बुद्रुक. वेळ... टळटळीत दुपारची.

मी इब्राहिम, जुन्नरचा कागदवाला. गावोगाव कागद विकायचा आणि सोबत फोटोचं जुनं यंत्र वागवायचं, हे माझं वेड. लोक हसायचे. "पावणं, राजं-महाराजं सोडून आमच्या बैलांचा फोटू व्हय?"

व्हय, बैलांचाच! राजाचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. खाटेवर वाळणाऱ्या कुरडया, आंब्याखाली भाकरी सोडून बसलेली माणसं, डबक्यात लोळणाऱ्या म्हशी... हा आमचा उन्हाळा कोण काढणार? मीच काढणार.

त्या दुपारी चिमाजीच्या विहिरीवर मोट चालू होती. माझ्या फोटोच्या काचा जुन्या, मंद. यंत्राच्या भिंगावरची टोपी काढून वीस मोजेपर्यंत थांबावं लागे. तेवढ्यात जो हलला, तो फोटोत पुसट होतो.

टोपी काढली. एक... दोन... तीन...

आणि आवाज गेला.

चाकाची कुरकुर नाही. चिमाजीचं गाणं नाही. त्याचं तोंड मात्र हलत होतं. बैलही चालत होते.

वीस झाले. टोपी लावली. कुरकुर परत सुरू.

ऊन लागलं असेल, मी मनाला समजावलं.

घरी काच धुतली. सकाळी उन्हात कागदावर छाप काढला. बैल धुरकट. चिमाजी धुरकट. आणि मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी...

एक बाई बसलेली.

तिथं कुणी नव्हतं! अल्लाची आण, कुणी नव्हतं.

तिच्या लुगड्याची चूण न् चूण स्पष्ट. अहो, झोपलेल्या माणसाचीसुद्धा छाती हलते. ही वीस मोजेपर्यंत केसभर हलली नव्हती.

छाप घेऊन बोरी गाठली. पारावर दाखवला, ही बाई श्वासाइतकीही हलली नाही हेही सांगितलं. गर्दीतून झुंबरबाई पुढं आली आणि मटकन खाली बसली.

"माझी सरू हाय ही."

सरू तिची एकुलती लेक, चिमाजीची सून. दोन वर्षांपूर्वी नाहीशी झालेली. कुणाचा तरी हात धरून पळाली, असं चिमाजीनं गावभर केलं होतं. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा करा भरतात. तो भरायला झुंबरबाई दोन वर्षं धडपडत होती.

"जित्या माणसाचं पाणी भरत्यात व्हय?" चिमाजी आताही तेच म्हणाला.

"मग ही श्वास का घेत न्हाई?" म्हातारी ओरडली.

चिमाजी माझ्यावर घसरला. "ए कागदवाल्या, ती काच फोड. न्हाईतर या गावात पाय ठेवू नगंस."

माझं डोकंच फिरलं. "पाय बी ठेवीन आन् काच बी ठेवीन! काय करायचं ते कर."

आखितीला यंत्र घेऊनच गेलो. झुंबरबाई मातीचा करा डोक्यावर घेऊन भर दुपारी विहिरीवर आली. मागं अख्खं गाव. चिमाजी काठी घेऊन आडवा.

"सरक," ती म्हणाली. "माझी लेक तहानलीय."

तिनं थारोळ्याच्या दगडावर करा ठेवला. "सरू, पी गं बाई."

वारा पडला. पाखरू बोलेना...

घट... घट... घट...

कऱ्याला कुणाचा हात नव्हता. आम्ही वाकून बघत होतो. पाणी खाली खाली जात होतं. खालचा दगड कोरडा.

चिमाजीच्या हातून काठी गळाली. त्या रिकाम्या जागेकडे बघत तो कसाबसा बोलला,

"तू... वर कशी आलीस?"

वर!

सगळ्या गावानं ऐकलं. सगळे हळूहळू विहिरीकडे बघू लागले.

माझं यंत्र समोरच उभं होतं. टोपीला हात लावायचा धीर झाला नाही. खोटं कशाला सांगू? आजही मोट चालता चालता थांबली की माझ्या अंगावर काटा येतो. ते पाणी कुठं गेलं, मला ठाऊक नाही.

झुंबरबाई तेवढी घाबरली नाही. तिनं चिमाजीला हातानं बाजूला केलं, सोबतच्या घागरीतून करा पुन्हा भरला आणि त्याच दगडावर ठेवला.

"पी पोटभर. आता कोण आडवतंय, बघते मी."