चार बोल्टांची जागा

"डोळे मीट!" मी ओरडले.

वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघत कोणी उभं राहतं का? तो राहिला होता, माझ्या टेबलापासून दोन हातांवर, बगलेत ड्रॉइंगची गुंडाळी धरून. ओरडल्याबरोबर त्यानं डोळे घट्ट मिटले. मी जोड पुरा केला, तोंडावरची काच वर केली, तरी स्वारी डोळे मिटूनच उभी.

"उघडू का... की अजून शिक्षा बाकी आहे?"

मला हसू आलं. आणि अनोळखी माणसानं हसवलं की मला रागच येतो.

"कोण आपण?"

"नवा इंजिनवाला."

म्हणजे शत्रूच! तीन वर्षांनी रस्त्यावर येणाऱ्या एका इटालियन स्पोर्ट्स बाइकचं काम आमच्या वर्कशॉपात चाललं होतं. इंजिन चार सिलिंडरचं, एवढं ठरलेलं. भांडण होतं फ्रेमचं. साहेबांचं म्हणणं, इंजिनच इतकं दणकट करा की पुढे ॲल्युमिनियमची लहानशी पेटी लावली की झालं, मागचा सगळा भार इंजिनच पेलेल. पोलादी नळ्यांच्या फ्रेमचे दिवस संपले म्हणे. ती गेली की फ्रेम विभागही गेला. विभाग म्हणजे तरी काय, मी आणि बाबांनी निवृत्त होताना माझ्या हाती दिलेली ही काच.

दुसऱ्या दिवशी तो कॉफीचे दोन कप घेऊन आला. तिसऱ्या दिवशीही.

"इंजिन एवढं मजबूत आहे, मग नळ्या हव्यातच कशाला?"

"वळणावर गाडी पार आडवी होते ना, तेव्हा शॉकअपला खड्डे नीट झेलता येत नाहीत. फ्रेमलाच किंचित लवावं लागतं. तुझं इंजिन लवेल?"

"नाही... तू लवशील?"

"मुळीच नाही."

"मग वळणावर आपलं कसं व्हायचं?" त्यानं कपाच्या काठावरून बघत विचारलं.

मी काच खाली ओढली. काचेआड लाल झालेला चेहरा कुणाला दिसत नाही, हा या कामाचा मोठा फायदा.

महिन्याभरानं साहेबांनी फ्रेम रद्द केली. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या आत हा धापा टाकत हजर.

"मी साहेबांशी बोललोय! तुला माझ्या विभागात घेतायत. माझ्या शेजारचंच टेबल..."

त्याचा चेहरा असा खुलला होता की मला सगळं कळलं. आणि कळलं म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"मी आवडते तुला?"

"...हो. डोळे मिटले होते, तेव्हापासून."

"मलाही तू आवडतोस. पण तुझ्या शेजारी बसून मी करू काय, पेन्सिलींना टोक? दया नकोय मला. तुझ्या इंजिनावर चार बोल्टांची जागा दे. माझी फ्रेम लाव आणि ट्रॅकवर हरव मला. न खेळता मी हरणार नाही!"

"इंजिनाचं कवच परवा ओतायला जातंय. साहेबांची सही झालीये. शिवाय दीडशे ग्रॅम वजन वाढेल..."

"मग तुझं प्रेम दीडशे ग्रॅमहून हलकं आहे."

तो गेला. तीन आठवडे कॉफी नाही, काही नाही. मी मात्र नळ्या कापत राहिले.

"फ्रेम करायला कुणी सांगितलंय?" बाबांनी जेवताना विचारलं.

"कुणीच नाही."

"मग नीट कर," ते म्हणाले आणि ताटात बघून जेवायला लागले.

एका सकाळी ट्रॉलीवरून नवं कवच आलं. मी सहज खालून हात फिरवला... आणि हात तिथेच थांबला. चार उंचवटे. चारही माझ्या मापाचे, बोल्टांसाठी भोकं पाडून तयार. मान वळवली, तर तो दारात डोळे मिटून उभा.

"उघडू का?" त्यानं हळूच विचारलं.

उत्तर द्यायच्या आत साहेब आले. "हे कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या," तो म्हणाला. "नोकरी गेली तरी चालेल सर. पण गाडी न पळवता निकाल लावणं चूक आहे."

"हट्ट माझा होता," मी पुढे झाले. "काढायचं तर दोघांनाही काढा."

साहेबांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "आधी पळवा. मग काढतो."

दोन महिन्यांनी ट्रॅकवर दोन गाड्या उभ्या राहिल्या. दोन्हींत इंजिन सारखंच, फ्रेम वेगळी. चाचणी घेणाऱ्या ताईंनी आधी साहेबांची पेटीवाली गाडी घेतली. पाच फेऱ्या मारून उतरल्या आणि म्हणाल्या, "चांगली आहे."

मग माझी. पाच फेऱ्या झाल्या, ताई थांबल्या नाहीत. सहावी. सातवी. आठव्या फेरीनंतर आल्या, पण उतरल्या नाहीत. हेल्मेटच्या आतूनच म्हणाल्या, "पेट्रोल भरा!"

साहेबांनी हातातल्या घड्याळावर माझ्या गाडीच्या फेऱ्यांची वेळ पाहिली, पुन्हा पाहिली, आणि पेट्रोलचा डबा स्वतःच उचलला.

"आता तरी येशील ना माझ्याकडे?" तो माझ्या कानाशी म्हणाला.

"तुझ्या विभागात? कधीच नाही. तूच ये आमच्या घरी, रविवारी. पण बाबा आधी तुझं वेल्डिंग बघतील."

"मला वेल्डिंग येत नाही गं!"

"माहीत आहे," मी माझी काच त्याच्या हातात दिली. "आजपासून शिक."