सातव्या पानाची रुजवात

सरकारी दप्तरात कागद हरवत नाही. तो फक्त सापडत नाही. हा फरक ज्याला वेळीच कळला, त्याचं निम्मं आयुष्य सुखात जातं. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला तो कळायला दोन वर्षं आणि तीन अर्ज लागले. तिन्ही अर्जांना एकच उत्तर आलं होतं : 'शोध चालू आहे.' तिन्ही उत्तरांवरची सही इतकी तंतोतंत सारखी होती, की शोध घेणारा गृहस्थ खुर्चीतून हलला नसावा हे तिने ओळखलं आणि चौथा अर्ज करण्याऐवजी ती स्वतःच निघाली.

तिचा धाकटा भाऊ पाच वर्षं तुरुंगात होता. गोदामाला आग लावल्याचा ठपका, आत झोपलेला एक हमाल गेला, जन्मठेप झाली. त्या रात्री भाऊ कुठं होता हे सांगणारा एकच माणूस होता, पाण्याच्या पंपावरचा राखणदार. त्याने पोलिसांपुढे जबाब दिला आणि खटला उभा राहायच्या आत तोही वारला. मागे राहिला तो कागदावरचा जबाब. खटला दूर शहरात चालला. तिथं अस्सल कागद गेलाच नाही, त्याची हाताने केलेली नक्कल गेली. नकलेत सहावं पान 'त्या रात्री दहा वाजता तो माझ्याकडे' इथं संपत होतं आणि पुढचं पान आठवं होतं.

"सातवं पान आणा," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "दप्तराच्या शिक्क्याची नक्कल चालेल. चार दिवसांवर तारीख आहे. ते पान मिळालं तर भाऊ घरी येईल."

"आणि नाही मिळालं तर?"

वकीलबाईंनी चष्मा पुसायला घेतला होता. चष्मा स्वच्छच होता.

बसने तिला साडेबाराला उतरवलं. जबाब जिथं नोंदवला होता त्या डोंगरापलीकडच्या गावी दिवसाला एवढी एकच गाडी. सव्वादोनला ती परत फिरायची. कचेरी म्हणजे एक लांबट इमारत होती. पुढच्या खोलीत पोलीस चौकी, मधल्या खोलीत महिन्यातून एकदा भरणारं न्यायालय आणि मागे दोघांचं मिळून जुनं दप्तर. चौकीतला हवालदार खुर्ची भिंतीला टेकवून झोपला होता. कायदा आणि सुव्यवस्था त्याच्या पोटावर संथपणे वरखाली होत होत्या.

दप्तरदार मागच्या दारापाशी भेटला. निवृत्तीला टेकलेला, कोपरांवर झिजलेला कोट आणि नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"तुमचे अर्ज पोचलेत, ताई," तो म्हणाला. "तिन्ही. अक्षर छान आहे."

"शोध लागला का, काका?"

"चालू आहे."

"कुठपर्यंत आलाय?"

दप्तरदाराने मान वर केली. नोकरीच्या सबंध काळात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा.

"गठ्ठा आहे," तो हळूच म्हणाला. "अकरावी मांडणी, चौथा खण. तो काढायला... जमलं नाही एवढंच. तुम्ही दोनला या, मी काढून देतो."

"दोनला आले तर नक्कल कधी करायची? सव्वादोनला बस जाते. उद्याच्या बसने परत गेले तर अर्ज दाखल करायला वेळ उरत नाही. काका, मला आत्ता आत जाऊ द्या."

"एक ते दोन दप्तरात कुणी थांबत नाही."

"का?"

"जेवणाची सुट्टी."

"मी जेवून आलेय," ती म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

एकाला दहा मिनिटं होती. दप्तरदाराने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि किल्ली काढली. मग भराभरा समजावलं. गठ्ठा काढला की त्याच्या रिकाम्या जागी लाकडी पाटी उभी करायची, पाटीवर गठ्ठा काढणाऱ्याचं नाव लिहायचं. गठ्ठा जागेवर आला की नाव पुसायचं, पाटी काढायची. जुन्या साहेबांनी घालून दिलेली पद्धत होती. "कागद बाहेर, तर माणूस आत, असं म्हणायचे ते," दप्तरदार म्हणाला. "पण तुम्ही पाटीला हात लावू नका. ते मी येऊन बघेन."

"आणि दिवे?"

"दिव्यांसाठी अर्ज केलाय," त्याने बॅटरी तिच्या हातात ठेवली. "शोध चालू आहे."

तो निघाला तो जवळजवळ पळतच. भुकेला माणूस घराच्या दिशेने पळतो. हा नुसता दारापासून लांब पळत होता.

आत पाऊल टाकलं आणि बाहेरची टळटळीत दुपार कुणीतरी झाकण ठेवून बंद केल्यासारखी विझली. खिडक्या होत्या, पण छताला चिकटून, आणि काचांवर इतक्या वर्षांची धूळ की उजेड आत येईपर्यंत तपकिरी व्हायचा. छतापर्यंत मांडण्या. मांडण्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, पांघरुणं घेऊन एकमेकांना खेटून निजल्यासारखे. वास जुन्या कागदाचा, उंदरांचा आणि या सगळ्यांच्या वर ओल्या डिंकाचा. एवढ्या कोरड्या खोलीत ओला डिंक कुठून, हा विचार तिच्या मनात आला, पण तिने तो बाजूला सारला. तिला तासाभरात एक पान हवं होतं.

अकरावी मांडणी अगदी शेवटची, भिंतीला लागून होती. चौथ्या खणातला गठ्ठा तिने ओढून काढला. मागे दातपडक्या तोंडासारखी काळी फट राहिली. शेजारीच लाकडी पाटी टेकवलेली होती.

इथं तिच्या धंद्याने दगा दिला. वीस वर्षं लोकांची कापडं शिवताना तिने एक गोष्ट कधी चुकवली नव्हती : कापड हातात आलं की आधी नावाची खूण. खूण नसलेलं कापड हरवतं, आणि मग गिऱ्हाईक शिंपिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. रिकामी जागा तशीच सोडून जाणं तिच्या हाताला जमेना. पिशवीतून कापडावर आखायचा खडू काढून तिने पाटीवर स्वतःचं पूर्ण नाव ठसठशीत लिहिलं आणि पाटी फटीत उभी केली. पाटी अशी चपखल बसली, जणू मापानेच बेतली होती.

कोपऱ्यातल्या टेबलावर तिने गठ्ठा सोडला. चार. पाच. सहा. 'त्या रात्री दहा वाजता तो माझ्याकडे'. पान उलटलं. आठ.

अस्सलातही सातवं नव्हतं. दोन वर्षं, तीन अर्ज, पाच वर्षांचा तुरुंग... मग बोटांना काहीतरी जाणवलं. दोन पदरांचं कापड आणि एका पदराचं कापड डोळे मिटूनही तिला कळायचं. सहावं पान जाड होतं. तिने ते बॅटरीसमोर धरलं. आत, दोन कागदांच्या मध्ये, उलट्या अक्षरांच्या ओळी दिसत होत्या. डिंक सांडून दोन पानं चिकटली होती. तिने कडेला नख घातलं.

"ओढू नका... फाटेल."

आवाज अकराव्या मांडणीच्या पलीकडून आला. हळू, खरखरीत, पुष्कळ दिवस न वापरलेल्या कुलपासारखा.

"काका? लवकर आलात?"

"वाफ द्या... तोंडाची. डिंक सुटतो."

काका जेवायला गेलेच नाहीत, असं समजून तिला बरं वाटलं. तिने पानाच्या कडेला ओठ नेले आणि श्वास सोडला. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक श्वासागणिक छाती जरा जास्तच रिकामी होत होती, जणू पलीकडून कुणीतरी तो श्वास ओढून घेत होतं. चौथ्या श्वासाला पान सुटलं. सातवं.

"वाचा," आवाज म्हणाला. "मोठ्यांदा. नक्कल करणारा लिहितो, दुसरा वाचतो. त्याला रुजवात म्हणतात. त्याशिवाय नक्कल... खरी नाही."

ती वाचू लागली. "'माझ्याकडे पंपाचा पट्टा बदलायला आला होता. पहाटे तीनपर्यंत आम्ही दोघं तिथंच होतो. आगीचा उजेड आम्ही दोघांनी पंपावरून पाहिला...'"

पलीकडे टाक कागदावर करकरत होता.

"सावकाश... स्वल्पविराम सांगत चला."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण वाचताना तिचा आवाज तिला आधी पलीकडून ऐकू येत होता आणि मग स्वतःच्या तोंडून. शेवटची ओळ वाचली तेव्हा घसा कोरडा ठणठणीत पडला होता. "'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.'"

"बरोबर आहे," आवाज म्हणाला. त्यात सुटकेचा एक लांबलचक उसासा होता. "पाच वर्षं... कुणी वाचायलाच बसेना."

दोन गठ्ठ्यांच्या मधल्या फटीतून एक कागद पुढे सरकला. शाई अजून ओली होती. तिने तो ओढून घेतला आणि आभार मानायला बॅटरी फटीत धरली.

फटीपलीकडे भिंत होती. मांडणी भिंतीला लागूनच होती, हे तिला तेव्हा आठवलं. मध्ये हाताचा पंजाही मावला नसता.

ती बाहेर कशी आली ते तिला नंतर सांगता आलं नाही. दोनचे ठोके पडत होते आणि दप्तरदार ओसरीवर, डबा न उघडता, नुसता बसला होता. त्याने कागद पाहिला आणि डबा बाजूला ठेवला.

"हे अक्षर..." तो म्हणाला. "नक्कल करणारा होता आमचा. तीन वर्षांपूर्वी गेला."

"मग आत कोण होतं?"

दप्तरदार वेगळंच सांगू लागला. "तुमच्या जबाबाची नक्कल केली त्या दिवशी एक वाजला होता, ताई. तो म्हणाला, वाचायला बसा, रुजवात घेऊ. मी म्हटलं, मला भूक लागलीय, माझी सही तूच ठोक. सगळीकडे असंच चालायचं. त्याने ठोकली. पानं चिकटलेली कुणाला दिसणार? पुढं शिक्षा झाल्याचं कळलं आणि त्याने अंथरूण धरलं. शेवटपर्यंत एकच, 'वाचायला या, वाचायला या.'"

"तुम्ही गेलात?"

"नाही."

बसवाल्याने भोंगा वाजवला. दप्तरदार शिक्का शोधू लागला. नकलेच्या तळाशी दोन ओळी असतात. 'नक्कल करणार' पुढे मेलेल्या माणसाची सही होती. 'रुजवात घेणार' पुढे तिचं पूर्ण नाव होतं, तिच्याच हस्ताक्षरात, पांढऱ्या खडूने.

"तुम्ही पाटीवर नाव लिहिलंत?" दप्तरदाराने विचारलं.

"सवयीने... पुसून येते. गठ्ठा टेबलावर आहे."

तो बॅटरी घेऊन एकटाच आत गेला. अवघ्या मिनिटात परत आला. त्याच्या हाताचा तळवा चोळून चोळून लाल झाला होता.

"टेबलावर काही नाही," तो म्हणाला. "आणि खडू पुसला जात नाही."

कापडावरचा तो खडू नुसत्या फुंकरीनेसुद्धा उडतो. तिने फुंकर मारून पाहायला हवी होती, असं तिला क्षणभर वाटलं. पण छातीत तेवढा श्वासच नव्हता आणि भोंगा पुन्हा वाजत होता. दप्तरदाराने शिक्का मारला, खाली सही केली. "पाच वर्षं उशिरा," तो पुटपुटला आणि तिला बसकडे ढकललं.

भाऊ सुटला. वेळ लागला, पण सुटला. सातव्या पानापुढे कुणाचं काही चाललं नाही. घरी येऊन तो पहिले काही दिवस दारं उघडी टाकूनच झोपायचा. त्याच्याच पहिल्यांदा लक्षात आलं.

"ताई, तू दुपारी बोलत का नाहीस गं? रागावलीस?"

तिने मान हलवली. बोलायचा प्रयत्न करून झाला होता. रोज एक वाजला की आवाज जायचा. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, शब्दाच्या अर्ध्यावर. ओठ हलायचे, श्वासही यायचा, आवाज तेवढा नसायचा. दोन वाजले की परत. डॉक्टरांनी घसा तपासून गोळ्या दिल्या. घसा उत्तम होता.

मग दप्तरदाराचं पत्र आलं. सरकारी कागदावर, पण जावक क्रमांक न घालता. त्याने लिहिलं होतं : 'मी आता एक ते दोन आत बसतो. आवाज येतो. वाचणारी बाई आहे, स्वल्पविरामासकट वाचते. तुमचं प्रकरण कधीच संपलं. आता ती दहाव्या मांडणीला लागलीय. रुजवातीवाचून सह्या ठोकलेले असे गठ्ठे किती, विचारू नका. मी मोजायला घेतले होते, सोडून दिले. मी रोज म्हणतो, ताईंना सोड, मी वाचतो. नक्कल करणारा ऐकत नाही. माझं नाव पाटीवर उमटतच नाही.'

पत्र वाचलं तेव्हा एक वाजून गेला होता. भाऊ समोर बसला होता. तिने कागद घडी करून डब्यात टाकला, कापड ओढलं आणि यंत्र चालू केलं. दोनचे ठोके पडले तसा घशात आवाज परत आला. रोजच्यासारखा, कुणीतरी वापरून परत ठेवल्यासारखा, जरा गार. भावाला चहा विचारायला तिने तोंड उघडलं.

"...आणि विहिरीत ढकललं तेव्हा ती जिवंत होती," ती म्हणाली. "माझा जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे."

"कोण ती?" भावाने विचारलं. तिने तोंडावर हात धरला. हाताला ओल्या डिंकाचा वास येत होता.