खडा उजळत नाही

“या महिन्यातही दिवा नाही. विजेचं बिल तरी वाचलं म्हणायचं.”

भिंतीपलीकडून ऑल्विनची, धाकट्या मुलाची, कुरकुर इस्पेरान्सला ऐकू आली. सुनेचं उत्तर मात्र आलं नाही. गुडघे गेले तरी म्हातारीचे कान शाबूत होते, आणि त्या गप्पपणाचा तिला संशय आला.

दिवा म्हणजे सुनेच्या, जोविताच्या, अंगठीतला खडा. मूल राहण्याचे दिवस सरले की बाईचं अंग किंचित तापतं. दर महिन्याच्या त्या फरकावरून अंगठी मूल राहण्याचे नेमके दिवस हेरायची आणि तेवढ्या दिवसांत हिरवी उजळायची. मूल न होण्याच्या गोळ्या चर्चला पूर्वीपासून नामंजूर, अंगठी मात्र निसर्गाच्या बाजूची. म्हणून वसईतल्या त्या धर्मग्रामात, एका चर्चच्या त्या गावात, फादरांनी ती आशीर्वाद देऊन घरोघरच्या सुनांना वाटली होती. लेकरं देवाचं देणं, पाळणे भरू देत, म्हणाले होते. दोन वर्षांत अख्ख्या धर्मग्रामात बाळाचा बाप्तिस्मा झाला एक.

इस्पेरान्स पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली. जोविता वाफाळत्या चहाच्या पेल्याला अंगठीचं बोट टेकवून उभी होती, ओठ घट्ट मिटून. इस्पेरान्स पाणी न घेताच परतली. तापलेल्या अंगठीला वाटणार, दिवस सरले. खरे दिवस सून मनात मोजत असणार, आणि नेमकं तेव्हाच तिचं डोकं दुखत असणार.

रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना आटोपल्यावर सभागृहात बैठक बसली. अंगठ्या बनवणाऱ्या कंपनीची मुलगी म्हणाली, अंगठ्या बिघडल्यात. आता दंडात, कातडीखाली, मणी बसवू. बाहेरच्या उष्णतेनं तो फसत नाही. हे सांगताना तिनं बायकांच्या रांगांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बायकांनी हात पदराखाली घेतले. त्याआधी इस्पेरान्सला दिसलंच, पाच-सहा जणींच्या बोटांवर भाजल्याचा तोच लालसर डाग.

कुणाला काही अडचण, फादरांनी मायेनंच विचारलं. मग त्यांनी इस्पेरान्सकडे हात केला: आठ लेकरांची आई, धर्मग्रामाचं भूषण, तिनंच सुनांना दोन शब्द सांगावेत. जोविताचा चेहरा पांढरा पडला होता. ऑल्विन, तिचं आठवं लेकरू, अभिमानानं मान वळवून आईकडे बघत होता.

इस्पेरान्स बाकाला धरून उठली.

“फादर, चौथ्यानंतर मला लेकरं नको होती,” ती म्हणाली. “आठही जणांवर जीव आहे माझा. पण हवीत का, हे मला कुणी विचारलंच नाही. आता यांना तरी विचारणार आहात, की नुसता मणी बसवणार?”