माळ आणि गाळणी

खंडेनवमीला म्हाळुंग्याच्या त्या प्रेसशॉपमध्ये नऊच्या नऊ प्रेस धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून उभ्या होत्या. प्रत्येकीला झेंडूची माळ, पुढ्यात फोडलेला नारळ. पूजेनंतर दिवसभर मशिनं बंद ठेवायची इथली रीत. पण गिऱ्हाइकाची गाडी दारात येऊन थांबली होती, म्हणून शिफ्ट मॅनेजर दिग्विजयने आरती आटोपताच लाइन सुरू करायला लावली.

आणि प्रेस अडू लागल्या. प्रेसच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणारा किरणांचा पडदा असतो. त्यात हात गेला की मशीनला निरोप जातो आणि ती जागच्या जागी थांबते. पंख्याच्या वाऱ्याने माळा हलत होत्या, आणि पडदा प्रत्येक फुलाला हात समजत होता. माळ उतरवा म्हणायला मात्र कुणाची जीभ रेटेना. दसऱ्याआधी मशीनच्या गळ्यातली माळ काढायची म्हणजे अपशकुन. शेवटी दिग्विजयने वर काचेच्या केबिनकडे बघून हात केला.

केबिनमध्ये स्वराज बसायचा. कंपनीच्या जागेत पूर्वी त्यांचं बटाट्याचं वावर होतं. त्या बदल्यात त्याला कॉम्प्युटरची नोकरी मिळाली होती, आणि त्याच्या शब्दावर बहिणीला, सुप्रियाला, पाच नंबरच्या प्रेसवर काम. डोक्याने तल्लख, पण अंगाने आळशी गडी. नऊ प्रेसचे नऊ प्रोग्राम एका गटाखाली चालत. नऊ ठिकाणी हात घालण्यापेक्षा त्याने गटाच्या माथ्यावरच एक फिल्टर बसवला, गाळणीच म्हणा ना: पडद्याचा निरोप आला की गाळून टाकायचा. माथ्यावर लावलेला फिल्टर खालच्या प्रत्येकाला आपोआप मिळतो, त्या गटात नंतर जो सुरू होईल त्यालाही, आणि खालच्याला तो झुगारता येत नाही. हे सगळं स्वराजला पाठ होतं. संध्याकाळी काढू, असं त्याने ठरवलं.

साडेअकराला चार नंबरवर पत्रा अडकला. ती चालवणाऱ्या रोहिदासने आत हात घातला. बारा वर्षं तो असाच हात घालत होता आणि बारा वर्षं प्रेस थांबत होती.

या वेळी ती खाली आली. दोन्ही हात कोपराखाली चपटे झाले, हाडाच्या किरचा पत्र्याच्या कडेने बाहेर उडाल्या. प्रेस ठरल्याप्रमाणे वर गेली आणि पुन्हा खाली आली. रोहिदास असा ओरडला की काचेआड स्वराजच्या हातातून कप निसटला. तो धडधडत जिना उतरला, लाल बटण दाबलं आणि मदतीसाठी मागे वळला.

कुणीच आलं नव्हतं.

लाइनवर बाकी अकरा माणसं होती आणि अकराही कामात होती. रोहिदास फरशीवर टाचा घासत ओरडत होता. हाताच्या अंतरावर सुप्रिया उभी. तिच्या गालावर रक्त उडालं होतं. तिने ते बाहीने पुसलं आणि पुढचा पत्रा उचलला. धावत आला तो एकटा फोर्कलिफ्टवाला, तोही बाहेरच्या अंगणातून.

रोहिदासला दवाखान्यात नेल्यावर स्वराजने सगळ्यात आधी फिल्टर काढला. तो कुणाकुणाला मिळाला होता याची यादी स्क्रीनवर आली. वर नऊ प्रोग्राम होते. खाली अकरा आकडे होते, लाइनवरच्या बाकी कामगारांच्या तिकीट नंबरांचे. ते त्याने कधी टाकले नव्हते. पाचवा सुप्रियाचा होता.

त्या संध्याकाळी घरी भागूबाई, म्हणजे त्यांची आई, विळीवर भोपळा चिरत होती. विळी सटकली आणि अंगठा हाडापर्यंत कापला. म्हातारी कळवळून ओरडली. समोर बसलेली सुप्रिया गवार निवडत राहिली, रक्त तिच्या परातीपर्यंत आलं तरी.

"आई ओरडली, ऐकलं न्हाईस?" स्वराजने तिचा दंड धरला.

"कधी?" ती म्हणाली, आणि खरंच विचारात पडली.

भागूबाई अंगठ्याला पदर गुंडाळत लेकीकडे टक लावून बघत होती. "हिला काय झालंय रं?" तिने हळूच विचारलं. माघात सुप्रियाचं लग्न होतं. उद्या हिचं लेकरू पाळण्यात रडलं तर? हे पाप आपलं आहे, हे त्याला कळत होतं.

दसऱ्याची सुट्टी संपली, तसा तो सकाळी सगळ्यांच्या आधी केबिनमध्ये बसला. माथ्यावरून फिल्टर काढला तरी ज्यांना मिळाला त्यांच्याकडे तो राहतोच. त्यांना बंद केलं तरच सुटतो. नऊ प्रोग्राम त्याने बंद केले. मग पाचवा आकडा निवडला. हा बंद करायचा का, असं स्क्रीनने विचारलं.

त्याने बोट झटकन मागे घेतलं. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करता येतो, माणूस बंद केला तर?

एकच वाट उरली होती. आपण स्वतः गटात शिरायचं आणि आतून सोडवायचं. आत शिरणाऱ्यालाही आतल्यांकडचा फिल्टर मिळतो, हे त्याला पाठ होतं. त्याने आपला तिकीट नंबर टाकला.

एकेक आकडा यादीतून गेला. अकराही गेले; त्याचा एकट्याचा तेवढा राहिला. आतूनच, आता आपल्या नंबराखाली, त्याने नऊ प्रोग्राम पुन्हा सुरू केले.

आठला शिफ्ट लागली. थोड्या वेळाने आठ नंबरवरच्या माणसाच्या पायावर पत्रा पडला. त्याचा चेहरा पिळवटला, आणि सुप्रिया चटकन वळून त्याच्याकडे धावली. स्वराजचे डोळे भरून आले. बहीण सुटली होती.

माळा अजून तशाच होत्या, सुकलेल्या. ती परत येते तोवर पाच नंबरची माळ तुटून साच्यात पडली.

सुप्रियाने ती काढायला दोन्ही हात आत घातले.

स्क्रीनवर ओळ उमटली: प्रेस पाच, आत हात, निरोप गाळला.

सगळे तिच्याकडे धावत होते. कुणीतरी वर केबिनकडे बघून हात हलवत होतं.

सुप्रियाचं तोंड उघडं होतं, त्याच्याच दिशेला. प्रेस वर गेली आणि पुन्हा खाली आली.

केबिनमध्ये शांत होतं. स्वराजनेही खाली बघून हात हलवला आणि घड्याळ पाहिलं. चहाला अजून दहा मिनिटं होती.