वस्तीचा एकच ठिपका

"अगं मावशी, हे शक्यच नाही!" चष्म्या ओरडला. "तुझा नकाशा म्हणतो, वस्तीतून टेकडी दिसतच नाही. आणि सकाळी आम्ही टेकडीवरून आरशानं पाडलेला कवडसा पिटुकलीला गच्चीतून दिसला!"

"दिसला म्हणजे? डोळेच दिपले माझे!" पिटुकली फणकारली.

मावशी नकाशांच्या कचेरीत कामाला होती आणि सुट्टीभर भाचरांच्या टोळीनं तिथंच ठाण मांडलं होतं. टेकडीवर कुणाला तरी दगडाची खाण काढायची होती. अट एकच, ती वस्तीतून दिसता कामा नये. चार वाजता साहेब सही करणार, की टोळीच्या लाडक्या टेकडीला सुरुंग! घड्याळात तीन वाजले होते.

"सगळे चढउतार संगणकाला माहीत आहेत," मावशी म्हणाली. "तो चुकायचा नाही."

"मग विचारणारा चुकला असेल!" बडबडी म्हणाली. ती तिघांत मोठी.

चष्म्या शाळेत प्रोग्रॅमिंग शिकत होता. तो मावशीनं संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांची, म्हणजे स्क्रिप्टची, एकेक ओळ वाचू लागला आणि बाराव्या ओळीवर अडला.

"'वस्तीचा मध्य'? हे काय गं?"

"साहेब म्हणाले, एवढ्या वस्तीत कुठं कुठं उभं राहून बघणार? मधला एक ठिपका घे."

"पण मधोमध ओढा आहे!" बडबडी किंचाळली. "त्या खड्ड्यातून टेकडी तर सोडाच, काठावरचं घरसुद्धा दिसत नाही!"

मावशीनं कपाळावर हात मारला. "आणि मी मुकाट्यानं लिहिलं!"

मग मावशी-भाच्यांनी मिळून ती ओळ बदलली. आता वस्तीभर दर पंचवीस मीटरवर एक ठिपका आणि प्रत्येक ठिपक्यावर एक माणूस उभा आहे असं धरायचं. टेकडी दिसली, तर ठिपका लाल. सहाशे बारा ठिपके!

"नऊ टक्के... दहा... अरे, गोगलगाय बरी!" पिटुकली नाचत होती.

पावणेचारला संगणकाचा पडदा लालेलाल झाला. चारशेहून जास्त ठिपक्यांवरून टेकडी स्पष्ट दिसत होती! नकाशा छापून चौघंही धावत साहेबांच्या खोलीत शिरली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलेलंच होतं.

"हा काय खेळ आहे, पोरांनो?"

"साहेब, तुमचं घर कुठलं?" बडबडीनं नकाशा पुढे सरकवला.

साहेबांनी बोट ठेवलं. बोटाच्या चारी बाजूंना लालच लाल! मावशीनं ओढ्याची गोष्ट सांगितली, तशी साहेबांची मान खाली गेली.

"घाई माझी, आणि टेकडी गेली असती सगळ्यांची," ते म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो!"

त्यांनी फाइलवर ठळक अक्षरांत 'परवानगी नाही' लिहिलं. मावशीला इतका आनंद झाला, की तिनं तिघांना एकदमच कवेत घेतलं.

खाली 'तपासणी कोणी केली' असा रकाना होता. साहेब गालात हसले आणि त्यांनी लिहिलं, 'एक मावशी आणि तीन भाचरं.' मग त्यावर धाडकन शिक्का मारला!