तळ्यापर्यंत जाणारा पाहुणा

सोलापूरच्या बाहेर, बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या पासष्ट एकरांवर मनोरंजन उद्यान उभं राहायचं होतं. जागेवर अजून बाभळी आणि गिरणीचं धुराडं एवढंच होतं. पण शहरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भिंतीएवढ्या पडद्यावर, तेच उद्यान जानेवारीपासून रोज सकाळी दहाला उघडत होतं आणि दिवे लागायच्या वेळी बंद होत होतं. तिथे पाळणे फिरत होते, भेळ संपत होती, टोप्या हरवत होत्या, आणि सुनेत्रा म्हेत्रे हे सगळं चालवायचा पगार घेत होती.

पूर्वी पोरंटोरं संगणकावर असली उद्यानं बांधायची आणि जेवायला हाक मारली की आयांच्या शिव्या खायची. आता तोच खेळ मोठी माणसं तोंड गंभीर करून खेळत होती. बँकांनी नियमच केला होता की आधी खेळात उद्यान फायद्यात चालवून दाखवा, मगच खऱ्या विटेला हात लावा. खेळात बुडालं तर फक्त विजेचं बिल वाया जातं, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

मात्र या खेळातले पाहुणे काल्पनिक नव्हते. शहरातल्या चाळीस हजार माणसांनी आपल्या 'चालप्रती' द्यायला संमती दिली होती. माणसाच्या खिशातला फोन त्याची पावलं मोजतो, तो कुठे थांबतो, कशाला वळसा घालतो, किती वेळानं पाणी पितो आणि स्वच्छतागृह शोधतो, हे टिपतो. त्यावरून त्याच्यासारखाच चालणारा, त्याच्यासारखाच दमणारा एक पुतळा खेळात तयार होतो. ही झाली चालप्रत. तिला नाव नाही, चेहरा नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. फक्त एक क्रमांक. त्या क्रमांकामागचं माणूस शोधणं हा गुन्हा होता. दर महिन्याच्या एक तारखेला खऱ्या माणसाच्या चालण्यावरून प्रत ताजी व्हायची.

खेळ परदेशातून आला होता आणि पहिले दोन महिने तो सपाटून तोट्यात गेला. सुनेत्रानं पाळणे हलवले, तिकीट कमी केलं, कारंजी वाढवली, पण काही केल्या मेळ बसेना. ते कोडं सोडवलं श्रीनिवास यमूलनं. हा गर्दीच्या गणिताचा माणूस, बोलायला मोकळा, आठ महिन्यांच्या मुलीचा बाप असल्यामुळे कायम झोपेला आलेला.

"या खेळाला वाटतं माणूस एकटा येतो, एकटा फिरतो आणि दमला की एकटा घरी जातो," तो प्रकल्पप्रमुख हत्तुरे साहेबांना म्हणाला. "आपल्याकडे असं कोण येतं, सांगा की. आपण जथ्यानं येतो. अकरा जण आले आणि एकाचे पाय दुखले, तर अकराच्या अकरा परत. उरलेल्या दहा जणांच्या खिशात पैसे आणि अंगात दम असला तरी परतच. म्हणजे जथ्याची चाल किती? तर सगळ्यात हळू माणसाची."

हत्तुरे साहेबांनी विचारलं, की मग करायचं काय. यमूल म्हणाला, सगळ्यात हळू माणसाला सांभाळा, बाकीचे आपोआप थांबतील.

एकत्र हिंडणाऱ्या फोनांवरून यमूलनं जथे ओळखले आणि खेळात तो नियम घातला. सुनेत्रा एकेका जथ्यातलं हळू माणूस हेरू लागली. तिथे तिला ४४१७ क्रमांक भेटला.

जथा अकराचा होता. बाकीचे थकणारे पाहुणे दारापासच्या पाळण्यांपाशी घुटमळून परत फिरत. ४४१७ला मात्र उद्यानाच्या पार टोकाला असलेल्या तळ्यापर्यंत जायची भारी हौस. पाळण्यात तो बसायचा नाही. तळणाच्या गाड्यांना तर इतका लांबचा वळसा घालायचा, की जणू तिथे कुणी उधारीवालाच उभा आहे. थोडं चालायचा, थांबायचा, स्वच्छतागृह शोधायचा, पुन्हा निघायचा. मार्चमध्ये दीड हजार पावलांवर दम लागायचा, एप्रिलमध्ये हजारावर, मे संपता संपता सहाशेवर.

सुनेत्राला हे चालणं ओळखीचं होतं. तिच्या वडिलांना हृदयाचा आजार होता. त्यांनाही तळलेलं बंद केलं होतं, गोळ्यांमुळे घटकेघटकेला लघवीला जावं लागायचं. ती सतरा वर्षांची असताना गड्ड्याच्या जत्रेत ते निम्म्या वाटेवर थांबले आणि म्हणाले, परत जाऊ. ती घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नव्हती. पुढे दोन महिन्यांत वडील गेले. त्या रुसव्याबद्दल तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही, आणि हे तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं.

तर तिनं तळ्याच्या वाटेवर बाक टाकायला सुरुवात केली. ४४१७ दमतो तिथे बाक. पुढच्या महिन्यात तो आधीच दमायचा, मग मध्ये आणखी एक. जुलैपर्यंत त्या वाटेवर एकतीस बाक झाले. तिसऱ्या मजल्यावर सगळे तिला चिडवायचे, की हे उद्यान आहे की एसटी स्टँड. पण तो अकराचा जथा तळ्यापर्यंत पोचत होता, बाकांवर बसून बर्फाचा गोळा खात होता आणि संध्याकाळपर्यंत थांबत होता. हत्तुरे साहेबांना बाक आवडत नसत. बसलेला माणूस काही विकत घेत नाही, आणि बाकाच्या जागी टपरी बसते, असं त्यांचं मत होतं. पण आकडे बाकांच्या बाजूनं होते, म्हणून ते गप्प होते. आराखडा दहा ऑगस्टला बँकेकडे जायचा होता. त्यानंतर त्यातली रेघही बदलणार नव्हती.

एक ऑगस्टला प्रती ताज्या झाल्या आणि ४४१७समोर अक्षरं आली, 'चालप्रत उपलब्ध नाही.'

त्याचा अर्थ इतकाच, की मागचे पंधरा दिवस तो फोन शहरात चाललेला नाही. सुनेत्रा उठून व्हरांड्यात गेली आणि तिथल्या कठड्याला धरून रडली. ज्या माणसाचं तोंड पाहिलं नाही त्याच्यासाठी आपण रडतोय, हे तिला कळत होतं, पण त्यानं रडू थांबलं नाही.

खेळ मात्र चालूच होता. जथ्यातले उरलेले दहा जण उद्यानात आले, एका दमात तळ्यापर्यंत गेले, वाटेत सगळ्या पाळण्यांत बसले. बाकांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या वाटेवर बसणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

हत्तुरे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तिचे डोळे बघून आधी चहा मागवला. मग म्हणाले, की बाक आता काढावे लागतील, बँकेला पुराव्याशिवाय एक खिळाही चालत नाही. पुरावा आपल्या हातात होता तोवर मी काही बोललो नाही, हे तुम्हीही बघितलंय.

"सर, तो एकटाच असा नसेल," सुनेत्रा म्हणाली. "त्याच्यासारखे कितीतरी असतील."

"असतील. पण खेळात दिसत नाहीत, म्हेत्रे. दिसला तो एक, आणि तोही गेला."

ती बाहेर आली ती थेट यमूलच्या टेबलापाशी. तिला राग आला होता तो त्या दहा जणांचा. घरातलं माणूस जाऊन महिना झाला नाही आणि ही मंडळी आकाशपाळण्यात बसून ओरडतायत. तुझ्या जथ्यांना काही दुःखबिःख असतं की नाही, असं तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

यमूलनं ऐकून घेतलं. मग जागा झाल्यासारखा पडद्याकडे सरकला. त्याचं म्हणणं असं, की दुःख त्याच्या गणितात नाही, पण पावलांत दिसतं. घरात कुणी गेलं की त्या जथ्याचे सगळे फोन तेरा दिवस घरात बसतात. सुतक त्यानं शहरभर पाहिलं होतं, दिवस कमीजास्त झाले तरी कुठल्याही वस्तीत ते चुकत नव्हतं. त्यानं या जथ्याचा जुलै महिना उघडला. दहाही फोन रोज कामाला जात होते, बाजारात जात होते, रविवारी हिंडत होते.

"सुतक नाही," यमूल म्हणाला. "हा माणूस गेलेला नाही."

"मग दवाखान्यात असेल."

"दवाखान्यात असता तर डबा पोचवायच्या फेऱ्या दिसल्या असत्या. एकही नाही." तो खाली खाली सरकत गेला. "उलट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घरी काहीतरी कार्यक्रम दिसतोय. दुपारी चारला तीसेक परके फोन आले आणि सहाच्या सुमाराला गेले. त्यानंतर चार दिवसांनी आपला ४४१७ शहराबाहेर पडला. जथ्यातला एक फोन सोबत होता, तो दुसऱ्या दिवशी परत आला. आणि तेव्हापासून तोच फोन दर शनिवारी दुपारी बाहेरगावी जातो, रविवारी संध्याकाळी येतो."

एवढं बोलून यमूल थांबला आणि एकटाच हसायला लागला. सुनेत्राला वाटलं, जागरणानं याचं डोकं फिरलं.

"अगं, गेल्या वर्षी मी हेच करत होतो की," तो म्हणाला. "दर शनिवारी. सासुरवाडीला."

सुनेत्रानं एकेक गोष्ट पुन्हा जुळवून पाहिली. तळण सहन न होणं. सारखं स्वच्छतागृह. पाळण्यात न बसणं. महिन्यागणिक जड होत गेलेली चाल. दुपारचं ते डोहाळजेवण, आणि सातव्या महिन्यात माहेरी रवानगी. महिनोन्महिने तिनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी तिला तिथे आपले वडीलच दिसले होते. मग तीही हसायला लागली, डोळे पुसत.

दोघं मिळून हत्तुरे साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. शोधणं गुन्हा आहे हे बजावलं, आणि आपण कुणाला शोधलेलं नाही हे यमूलनं पटवलं. ती कोण, कुठली, कुणाची, काही माहीत नव्हतं. फक्त ती परत येईल एवढं दिसत होतं. साहेब म्हणाले, आनंद आहे, पण ती येईपर्यंत दहा ऑगस्ट कधीच उलटून गेलेला असेल.

"सर, येईल तेव्हा जथा अकराचा नसेल," सुनेत्रा म्हणाली. "बाराचा असेल. आणि बाराव्याकडे फोन नाही."

साहेबांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांनी चष्मा काढला.

जथ्याची चाल सगळ्यात हळू माणसाची, हा नियम यमूलचाच. बाळ एकही पाऊल टाकत नाही आणि त्याच्या भुकेपुढे कुणाचं चालत नाही. त्याला दोन तासांनी भूक लागली आणि आईला बसायला आडोसा नसला, तर सगळं घर परत. आणि असलं बाळ चाळीस हजारांच्या नोंदीत एकही नव्हतं, कारण नोंद फोनाची होती. यमूल मध्येच उठला आणि एक यादी घेऊन आला. दोन तासांच्या आत उद्यान सोडणारे सहाशे बारा जथे. कुणी दमलेलं नाही, पाणी आहे, सावली आहे, तरी परत जातात. खेळ त्यांच्यापुढे 'कारण अज्ञात' लिहायचा. इतके महिने ती खेळातली चूक समजून त्यांनी बाजूला ठेवली होती.

"माझी स्वतःची पोरगी घरात असताना माझ्या डोक्यात आलं नाही," यमूल खजील होऊन म्हणाला.

हत्तुरे साहेबांनी विचारलं, की मग आत्ताच बाळाला पाजायच्या खोल्या टाकून का नाही बघायच्या. यमूल म्हणाला, की टाकून चालेल, पण या सहाशे बारांपैकी कुणाकडे बाळ आहे आणि कोण नुसतंच कंटाळतं, हे सांगता येत नाही. बाळाआधी आई कशी चालत होती आणि बाळानंतर कशी चालते, हे दोन्ही ज्या एकाच जथ्याबाबत बघता येईल तो ४४१७चा. तो पुरावा बँकेलाही चालेल.

साहेब बोटांच्या पेरांवर मोजू लागले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाळंतपण. मग सव्वा महिना. मग पंधरा दिवस शहरात चालणं. एक डिसेंबर.

"चार महिने," ते म्हणाले. कोट्यवधींचा प्रकल्प होता आणि हा माणूस कधी चार दिवसांची रजा सहजासहजी मंजूर करत नसे. त्यांनी कागद ओढला आणि बँकेला मुदतवाढीचं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर थोडा वेळ थांबले. मग जे होतं तेच लिहिलं, 'एक पाहुणी बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे. ती परतल्याशिवाय आराखडा पूर्ण होऊ शकत नाही. खुलासा सोबत जोडला आहे.'

आठ दिवसांनी उत्तर आलं. बँकेत सही करणारं जे कुणी होतं, त्यानं खुलासा नीट वाचला होता. मुदत वाढवली होती, आणि खाली हातानं एक ओळ होती, 'बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे कृपया कळवावे.'

त्या ओळीनं सुनेत्राचा जीव टांगणीला लागला. तोवर ती परत येणारच असं सगळे धरून चालले होते. पण बाळंतपण ते बाळंतपण, काय व्हायचं ते कुणाच्या हातात असतं. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मधल्याच एका वारी, शनिवारवाला फोन पहाटे शहराबाहेर पडला आणि पाठोपाठ दुपारी आणखी पाच फोन निघाले. सगळेच्या सगळे चौथ्या दिवशी परत आले. धावपळ चांगल्यासाठी की वाईटासाठी, ते पावलांवरून कळत नव्हतं. पुढचे तेरा दिवस सुनेत्रा आणि यमूल सकाळी आल्या आल्या आधी तोच जथा उघडायचे. चौदाव्या दिवशीही सगळे कामावर जात होते. यमूलनं पेढे आणले, पण सुनेत्रानं तिचा पेढा कागदात गुंडाळून ठेवला. म्हणाली, आधी तिला चालताना बघू दे.

एक डिसेंबरला सकाळी तिघंही पडद्यासमोर उभे होते. खेळातलं उद्यान उघडलं. ४४१७ दारातून आत आली. भोवती दहा जण, आणि कुणीही तिच्या पुढे जाईना. शंभर पावलांवर ती पहिल्या बाकावर बसली. मग उठली, पुढच्या बाकावर बसली. तळणाच्या गाडीपाशी मात्र या खेपेला चांगली रेंगाळली. एकतीसपैकी एकोणीस बाकांवर बसत बसत ती तळ्याकाठी पोचली. तिथे सुनेत्रानं आदल्या दिवशी एक बंद खोली टाकून ठेवली होती. ४४१७ त्या खोलीत शिरली आणि पाऊण तास बाहेर आली नाही. दहाही जण खोलीच्या दाराशी उभे राहिले. एकही पाळण्याकडे गेला नाही, एकानंही काही विकत घेतलं नाही, आणि परतही कुणी गेलं नाही.

हत्तुरे साहेब त्या रिकाम्या पाऊण तासाच्या आकड्यांकडे बघत होते. सुनेत्राला वाटलं, आता ते तोट्याचं काहीतरी बोलणार. पण ते फक्त म्हणाले, की दाराशी सावली करा, उभे राहणारे उन्हात आहेत.

सुनेत्रानं सावली केली. मग बँकेला पत्र लिहायला बसली. सोबत आराखडा जोडला, सहाशे बारा जथ्यांचा तक्ता जोडला. पत्रात मात्र पहिलं वाक्य तिनं लिहिलं ते असं, 'कळवण्यास आनंद वाटतो की बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.'